औषधाच्या तुपाची बेरी

२००६ सालच्या जून महिन्यातला दुसरा शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून मी शेजारच्या बाईंना साठ डॉलर दिले. वीस-वीसच्या तीन नोटा. त्या वेळी तिथे चौघं होतो: मी, माझी बायको, शेजारच्या बाई आणि माझे वडील. बाईंनी नोटा न मोजता खिशात घातल्या आणि यातलं आपल्याला काही नको, हे आपल्या दिराचे आहेत, तो उत्तरेकडे राहतो आणि कुणालाच काही फुकट देत नाही, असं सांगितलं. मग त्यांनी ओट्यावर फ्रीझरमधली एक पिशवी ठेवली. आत गांजाची वाळलेली पानं होती. मी पिशवी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली. पिशवीसकट सव्वीस ग्रॅम.

हे बेकायदा होतं. मला ते माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि बाबांनाही मी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सरकारी नियमांचा मान ठेवणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध म्हणूनच घ्यायचंय ना? मग पोलिसांना कशाला मध्ये आणतोस?"

बाबा मार्चमध्ये आले होते, एकटे. आई विमानात बसत नाही. एकदाच दिल्लीपर्यंत गेली होती, तेव्हा आलेली चक्कर उतरायला चार दिवस लागले. त्यामुळे ती पुण्यात, आणि बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे. आमचा मुलगा तेव्हा डनेडिनला शिकायला होता, त्याची खोली रिकामी होती. पहिला महिना बरा गेला. एप्रिलमध्ये त्यांना नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून बरगडीवरून पुढे छातीपर्यंत. फोड तीन आठवड्यांत वाळले, डाग राहिले, आणि दुखणं गेलंच नाही.

ते दुखणं मला आधी समजलं नव्हतं. मला वाटायचं, जखम भरली म्हणजे दुखणं कमी व्हायला हवं. पण बाबांना बनियन सहन होईना. सदऱ्याचं कापड बरगडीला लागलं की ते दचकायचे. खुर्चीत बसले तर कडेवर, पाठ न टेकता, तेही थोडाच वेळ. त्यामुळे ते बहुतेक वेळ उभेच असत. जेवतही उभ्यानेच, ओट्यावर ताट ठेवून. रात्री उजव्या कुशीवर पडायचे आणि जागे राहायचे. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची एक गोळी दिली. तिने झोप यायची, पण लघवी तुंबायला लागली, आणि एकदा बाथरूममध्ये तोल जाऊन ते टबाच्या कडेवर आपटले. गोळी बंद केली. दुसरी दिली, तिने नुसतीच गुंगी आली.

परतीचं तिकीट जूनच्या शेवटचं होतं. ऑकलंड ते सिंगापूर दहा-साडेदहा तास, पुढे मुंबईपर्यंत साडेपाच, आणि वर पट्टा बांधून. बाबा पाठ टेकून दहा मिनिटं बसू शकत नव्हते. त्यांना घरी जायचं होतं. तसं त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मे महिन्यातच त्यांनी बॅग भरून ठेवली होती आणि लागेल तो कपडा रोज तिच्यातूनच काढून घेत. आई दर शनिवारी दुपारी फोन करायची. तिला फोडांबद्दल माहीत होतं, दुखण्याबद्दल अर्धंच. "एवढा मोठा देश म्हणता," ती एकदा म्हणाली, "आणि तुमची पाठ टेकेल अशी एक खुर्ची मिळेना तिथे?"

शेजारच्या बाई साठीच्या पुढच्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी हाडांच्या कर्करोगाने गेला. बाबा सकाळी मागच्या अंगणात उघड्या अंगावर नुसतीच शाल धरून उभे असत, ते त्यांनी कुंपणावरून पाहिलं होतं. जूनमधल्या थंडीत कुणी असं का उभं राहील, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सांगितलं की शेवटच्या वर्षात त्या नवऱ्यासाठी गांजाचं बटर करत आणि त्याची आल्याची बिस्किटं भाजत. कर्करोग काही हटला नाही, पण नवरा झोपायचा. पाचशे ग्रॅम बटरच्या एका वडीत चाळीस बिस्किटं व्हायची. तो रात्री एक घ्यायचा. सुरुवात अर्ध्याने केली होती.

मी पेनरोजला खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात खर्चाचे हिशेब बघतो. कुठलाही आकडा कानावर आला की मी त्याला भागतो. पाचशे भागिले चाळीस, साडेबारा ग्रॅम. बाबा पंचाहत्तरीचे, म्हणून मी पाव बिस्किटापासून सुरुवात धरली. म्हणजे तीन ग्रॅमच्या थोडं वर.

पण बिस्किटं बाबांना चालणार नव्हती. त्यांना मधुमेह आहे. आणि बटर नुसतं भातावर घालून ते खाणार नाहीत, हे बायकोने आधीच सांगितलं. आमच्या घरात बटर हा कच्चा माल आहे. इथे आल्यापासून आम्ही विकतचं तूप आणलेलं नाही. महिन्याला बिनमिठाच्या बटरच्या चार वड्या आणायच्या आणि कढवायच्या. तेव्हा ठरलं असं की बाईंच्या पद्धतीने आधी पानं घालून बटर करायचं, गाळायचं, आणि मग त्याचं तूप कढवायचं. बाईंना हे पटलं नाही. चांगलं तयार झालेलं बटर पुन्हा का उकळायचं, असं त्यांनी दोनदा विचारलं. बायकोने समजावलं की पाणी उडून जातं, मग ते टिकतं आणि भातावर घालता येतं. बाईंनी अर्धा तास थांबून आच किती मंद ठेवायची ते दाखवलं, आणि जाताना एवढंच बजावलं की खाल्ल्यावर दोन तास वाट पाहा, काही होत नाही म्हणून पुन्हा घेऊ नका.

वासाची कल्पना आम्हाला नव्हती. तासाभरात सगळं घर ओल्या गवतासारख्या आणि कसल्याशा कडवट वासाने भरलं. नेमका त्याच दिवशी समोरच्या विक्रीला काढलेल्या घराचा ओपन होम होता, म्हणजे गिऱ्हाइकांना घर बघायला खुलं. एजंटने झेंडे लावले होते, लोक गाड्या लावून येत होते, काही आमच्या घराकडेही बघत होते. खिडक्या उघडाव्यात तर वास रस्त्यावर, बंद ठेवाव्यात तर आमच्या कोटांत. बायकोने दुसऱ्या शेगडीवर कढलं ठेवून लसणाची आणि हिंगाची सढळ फोडणी केली. तिच्यात घालायला तिच्याकडे काहीच नव्हतं. बाबा म्हणाले, "सूनबाई, घर विकत घ्यायला आलेली माणसं हा वास घेऊन परत जातील. तुझ्या फोडणीचा, त्याचा नव्हे."

साडेबाराला बटर मलमलच्या कापडातून गाळलं. रंग शेवाळी. मग पातेलं पुन्हा शेगडीवर. हे काम बायकोच्या हातचं. ती ईस्ट टामाकीला सॉस बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, पण तूप झालं हे ती आवाजावरून ओळखते. पाण्याचा तडतडाट थांबला की गॅस बंद. तूप तिने स्टीलच्या डब्यात गाळलं. मी डबा वजा करून वजन केलं: तीनशे सत्तर ग्रॅम. थोडं कापडाने खाल्लं होतं. पाचशेची ताकद आता तीनशे सत्तरमध्ये आली, तेव्हा मी हिशेब पुन्हा केला. पाव बिस्किटाचं तूप सव्वादोन ग्रॅमच्या जरा वर. काट्यावर वाटी ठेवून मी तेवढं मोजून घेतलं. एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ नये म्हणून दोनदा.

मी मोजत होतो तेव्हा बायको खिडकीच्या पडद्याआडून रस्ता बघत होती, आणि बाबा ओट्यापाशी उभे राहून चमच्याने पातेलं खरवडत होते.

तूप कढवलं की तळाशी बेरी राहते. तांबूस, दाणेदार, तुपाने भिजलेली. आमच्याकडे ती कुणी टाकत नाही. साखर घालून खातात, आणि ज्याचा हात आधी पोचेल त्याची ती. बाबा लहानपणी सहा भावंडांत वाढले. पातेलं ओट्यावर उतरलं की त्यांचा हात आपोआप चमच्याकडे जातो, लहानपणापासून मी हेच बघत आलो आहे.

मी वर पाहिलं आणि विचारलं, "बाबा, साखर किती घातलीत?"

"एक चमचा. आजच्या दिवस सूट."

"मग भात एकदाच घ्यायचा."

"बरं." त्यांनी चमचा चाटला. "कडवट लागतेय गं. करपवलीस का?"

बायको पडद्याआडून म्हणाली की तिच्या हातून आजवर तूप करपलेलं नाही. त्यावर त्यांनी तळ स्वच्छ केला.

दीड वाजता जेवण झालं. सव्वादोन ग्रॅम तूप मी स्वतः त्यांच्या वरण-भातावर घातलं. त्यांनी ताटाकडे बघून विचारलं की हे तूप आहे की तुपाची आठवण. डबा बायकोने वरच्या कपाटात ठेवला.

तीनच्या सुमारास मी पेपर वाचत होतो. बायकोने मला खूण केली. बाबा सोफ्यावर बसले होते, आणि टेकून बसले होते. पाठ पूर्ण टेकलेली, हात मांडीवर. मी पेपर खाली ठेवला. बोललो तर ते उठतील असं वाटलं. पाचेक मिनिटांनी त्यांनीच मान वळवली.

"दुखतंय रे," ते म्हणाले. "पण शेजारच्या खोलीत दुखतंय."

एवढ्यावर थांबलं असतं तर तो आमचा सगळ्यात चांगला दिवस ठरला असता. साडेतीनपर्यंत त्यांचं तोंड कोरडं पडलं. पाणी दिलं, ते प्यायले, आणि पाणी दे म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय असं सांगितलं, मी ते चालू आहे असं दाखवलं, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले की आत कुणीतरी धावतंय. बायकोने नाडी मोजली, एकशे अठरा. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता.

"मी गेलो तर हिला फोनवर सांगू नकोस. जाऊन, समोर बसून सांग."

मी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोनकडे गेलो. बायको म्हणाली, आधी बाईंना बोलव, त्यांनी हे पाहिलंय, दोन मिनिटांत त्या नाही आल्या तर फोन कर. मी कुंपणावरून हाक मारली. बाई घरातल्या सपातांवरच आल्या. किती दिलं, असं विचारलं. मी आकडा सांगितला.

"एवढ्याने मांजरही झोपणार नाही," त्या म्हणाल्या.

मी हिशेब पहिल्यापासून सांगायला लागलो. बायको सिंककडे गेली, पातेलं उचललं, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"बेरी," ती म्हणाली.

मला तरीही एक क्षण लागला. बाईंना तर काहीच कळलं नाही. तळाशी जो गाळ उरतो तो यांनी खाल्ला, असं बायकोने इंग्रजीत सांगितलं. पानांची भुकटीही त्यातच बसलेली असणार.

"गाळ? तो तुम्ही खाता?"

"साखर घालून."

बाई हसायला लागल्या. त्यांना खुर्ची धरावी लागली. मग बाबांकडे लक्ष गेलं तशा थांबल्या, सोफ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. हे उतरेल, त्या मला म्हणाल्या, पण उतरायला संध्याकाळ होईल. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र थांबू नका. मी आरोग्याच्या मोफत फोनसेवेला फोन करून काय खाल्लं ते खरं सांगितलं. नर्सने वय, मधुमेह, नाडी, श्वास सगळं विचारलं आणि जवळपास बाईंनी सांगितलं तेच सांगितलं. फक्त तुपाचा गाळ म्हणजे काय हे तिला लिहून घेता येईना. शेवटी तिने बटर असं लिहिलं. बायको तोवर अंदाज बांधत होती: बेरीत बारा-पंधरा ग्रॅम तूप सहज राहतं. म्हणजे मी ठरवलेल्याच्या सहा पट. "तू तूप मोजलंस," ती म्हणाली, "आणि साखर मोजलीस."

चार वाजता फोन वाजला. आई. घेऊ नको, असं बायको म्हणत होती. फोन वाजत राहिला. तो सोफ्याच्या हाताशीच ठेवलेला होता, तेव्हा बाबांनीच उचलला.

"अगं, मी टेकून बसलोय," ते म्हणाले.

आईचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. ती नेहमीच मोठ्याने बोलते, अंतर जास्त आहे म्हणून.

"किती वेळ झाला?"

"कळत नाही. घड्याळ बंद आहे."

"दुखत नाही?"

"दुखतंय. लांब आहे."

"मग या की आता," ती म्हणाली. "किती दिवस राहायचं माणसाने?"

"येतो," बाबा म्हणाले. "थांब, चप्पल घालतो."

त्यांनी फोन गादीवर ठेवला, बाईंचा हात अलगद सोडवला, उठले, आणि दाराकडे गेले. तिथे माझ्या रबरी चपला होत्या, इथे त्यांना जँडल्स म्हणतात. भिंतीला हात लावून त्यांनी त्यात पाय घालायला सुरुवात केली. एक पाय उलट्या जँडलमध्ये गेला, तो त्यांनी काढला आणि पुन्हा घातला. मी जाऊन त्यांना धरलं. ते मला म्हणाले की दार उघड, ती थांबलीय. बायकोने त्यांना परत आणलं.

फोनमधून आई विचारत होती की तिथे काय चाललंय. मी घेतला. औषध थोडं जास्त झालंय, असं म्हणालो. कसलं औषध, असं तिने विचारलं. मला आईशी खोटं बोलता येत नाही. आठवणीत ठेवायला दोन गोष्टी होतात.

"गांजा, आई. तुपात."

मग तिने विचारलं, "तुपात जास्त कसा झाला? तू तर मोजून घातला असशील."

"बेरी राहिली होती."

"म्हणजे पातेलं त्यांच्या हातात दिलंत?" आई म्हणाली. "चाळीस वर्षं मी ते आधी पाण्यात बुडवते आणि मग त्यांना हाक मारते."

सहाच्या सुमारास बाबांची नाडी नव्वदच्या खाली आली. साडेसहाला ते झोपले, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आम्ही आळीपाळीने जागून श्वास बघत होतो. ते उताणे झोपले होते. नागीण झाल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

सकाळी बायकोचं म्हणणं स्पष्ट होतं: डबा टाकून द्यायचा. कालचं पुन्हा नको. माझंही तेच मत होतं. बाबांनी चहा घेतला, उभ्यानेच, आणि म्हणाले की झालं ते बेरीने, तुपाचा त्यात काय दोष. कालवा एकदा फुटला म्हणून कुणी धरण पाडत नाही. बायको म्हणाली की काल ते आपल्याला निरोपाचं सांगत होते. "आठवतंय मला," ते म्हणाले. "पण रात्री झोपलोही. तेही आठवतंय."

तासभर वाद झाला. शेवटी बायकोच्या अटींवर मिटला. डबा तिच्या ताब्यात. रात्रीच्या भातावर काट्याने मोजून तेवढंच, ती देईल तेव्हा. नाडी आधी आणि नंतर. आणि बाबांनी पातेल्याजवळ जायचं नाही, साधं तूप असलं तरी.

त्याप्रमाणे पाच आठवडे चाललं. सव्वादोन ग्रॅमने काही चमत्कार झाला नाही. पहिल्या शनिवारसारखं ते पुन्हा कधी टेकून बसले नाहीत. पण रात्री चार-पाच तास झोप लागायला लागली, आणि झोप झाली की दिवसा सदरा घालता यायचा. मी डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की यावर त्यांना काही सल्ला देता येणार नाही, मग बाबांचा रक्तदाब तपासला, आणि निघताना म्हणाले की नागिणीनंतरचं हे दुखणं पुष्कळांचं काही महिन्यांनी आपोआपही कमी होतं. तेव्हा गुण तुपाचा की दिवसांचा, हे मला सांगता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

जूनचं विमान चुकलंच होतं. जुलैच्या मध्यावर बाबा म्हणाले, आता तारीख काढ. अडचण अशी की वाट सिंगापूरवरून होती. तिथे अशा गोष्टीला काय शिक्षा आहे ते विमानात वाटतात त्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं असतं. तूप बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. अंगात किती दिवस राहतं तेही मला नक्की माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारावं हेही कळत नव्हतं. म्हणून ठरलं की निघण्याच्या दोन आठवडे आधी बंद करायचं, आणि तुपाशिवाय जमतं का ते आधी इथेच पाहायचं. बायकोने त्यांचे सगळे कपडे, बॅग, चमचा, अगदी औषधांची डबीही धुतली. उरलेलं तूप तीनशे ग्रॅमच्या आसपास होतं. बाईंना विचारलं, त्यांना नको होतं. बायकोने ते चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तूप टाकताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

बंद केल्यानंतरच्या आठव्या दिवशी, रविवारी, मी बाबांना गाडीत बसवलं. पट्टा लावून, पाठ टेकून, हॅमिल्टनपर्यंत जायचं आणि परत यायचं. बायकोने तिच्या एका जुन्या रेशमी साडीचा पदर कापून त्यांच्या बरगडीभोवती गुंडाळला होता. रेशीम त्यांना सगळ्यात कमी टोचायचं. मोटरवेवर दक्षिणेला गेलं की बॉम्बे नावाचं गाव लागतं. पाटी आली तशी बाबा म्हणाले, "हे बघ, मुंबई आली. कशाला तिकीट काढतोस?" मी हसलो. त्यांच्या हाताकडे पाहिलं, तो पट्ट्याखाली घालून त्यांनी पट्टा अंगापासून वर उचलून धरला होता.

हॅमिल्टनला आम्ही चिप्स खाल्ल्या आणि वळलो. येताना बॉम्बेच्या थोडं अलीकडे ते म्हणाले, थांब. मी पेट्रोल पंपावर गाडी घेतली. ते उतरले आणि गाडीच्या छपरावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. वारा होता, सदरा अंगाला चिकटत होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचा खांदा आक्रसत होता. मी मनात तारीख रद्द करून टाकली होती. व्हिसा सप्टेंबरपर्यंत होता. त्यापुढे काय, ते मी मोजायला घेतलं.

"विमानात उभं राहता येतं ना?" त्यांनी विचारलं.

"येतं. मागे थोडी जागा असते."

"कुणी बसवतं का खाली?"

"पट्ट्याचा दिवा लागला की बसवतात."

"तेवढं बसेन." ते छपराकडेच बघत होते. "आता जवळजवळ अडीच तास बसलो. बाकीचे उभ्याने काढू. तिथे पोचल्यावर काय, घरीच पोचलेलो असणार."

"आणि मध्येच सहन नाही झालं तर?"

"तर सहन नाही होणार," बाबा म्हणाले. "ते इथेही होत नाहीये."

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत विमान कंपनीला फोन केला. तारीख बदलायचे दीडशे डॉलर. मागच्या बाजूची, वाटेकडची जागा मागितली, ती फुकट मिळाली. मुंबईला व्हीलचेअर सांगून ठेवली, कारण तिथल्या रांगा मला माहीत होत्या. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही त्यांना सोडायला गेलो. शेजारच्या बाई फाटकापर्यंत आल्या होत्या. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि मराठीत बरंच काही बोलले. त्या सगळं ऐकून घेत मान डोलावत राहिल्या. विमानतळावर आत जाताना बाबांनी मागे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष पट्टा किती सैल करता येईल याच्यावर होतं, कारण वाटेत ते मला तेच विचारत होते.

रविवारी आईचा फोन आला. पोचले होते, झोपले होते. सिंगापूरपर्यंतचा अर्धा रस्ता ते शौचालयापाशी उभे होते, आणि हवाई सुंदरीला वाटलं की पोट बिघडलंय, म्हणून तिने तीनदा लिंबूपाणी आणून दिलं. पुढच्या विमानात त्यांना बसवलं, तेव्हा फार दुखलं. आईने ते कसं दुखलं हे मला सांगितलं नाही. जे सांगितलं ते असं: मुंबईला दारातच व्हीलचेअरवाला त्यांच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. बाबा त्याला म्हणाले की सोळा तास बसण्याचीच कटकट होती, आता परत बसायला सांगू नका. मग त्यांनी खुर्चीत बॅग ठेवली, आणि दोघं खुर्ची ढकलत बाहेर आले. त्या माणसाला त्यांनी दोनशे रुपये दिले.